मदत हवी आहे: धुळ्यात सायकलने यायला कमी चढाचा, सुरक्षित रस्ता

बिनगियर:
नमस्कार मंडळी. थोडक्यात विचारतो, सोमवारपासून हवंय. रोज सायकलने धुळ्याला कामावर जायचं ठरवलंय. मोटारसायकल मुलगा कॉलेजला नेतो, एसटीच्या वेळा जुळत नाहीत आणि काळीपिवळीत अर्धं अंग बाहेर काढून जायचा कंटाळा आलाय. अडचण एकच. मध्ये घाट आहे आणि हायवेला ट्रक अंगावर येतात. घाट टाळून, कमी चढाचा, जरा शांत रस्ता कोणाला माहीत आहे का? गूगल फिरून फिरून हायवेच दाखवतो. "हायवेने जा" हे उत्तर कृपया नको. ज्याने स्वतः सायकल मारलीय त्यानेच सांगा.

देवपूरकर:
कुठून येता? धुळ्याला मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरचा असे तीन राष्ट्रीय महामार्ग येऊन मिळतात. कोणता हायवे, कोणता घाट? आणि शहरात काम कुठल्या भागात?

दोन_पायडल:
नगाव बारी म्हणताय ना? मग काही कठीण नाही. मी स्वतः नगावहून बरीच वर्षं आलोय. बारी चढताना डाव्या कडेला पांढऱ्या पट्टीच्या बाहेरच राहायचं, वर पोहोचलं की मिनिटभर थांबून श्वास घ्यायचा आणि उतारावर दोन्ही ब्रेक हलके धरून देवपुरात उतरायचं. देवपुरात शिरताना हायवे लगेच सोडायचा, उड्डाणपुलाच्या नादी लागायचं नाही. पावसाळ्यात खडी वाहून रस्त्यावर येते, तेवढं बघा. मला तर बारी कधी बारी वाटलीच नाही.

बिनगियर:
नगाव नाही हो. लळिंग घाट. आर्वीहून. घाट म्हटल्यावर धुळेकराला लळिंगच आठवायला पाहिजे. काम देवपुरात, दत्त मंदिराजवळ. एका बाजूचं १८-२० किमी होतं.

जळगावचा_केळीवाला:
२० किमी रोज? त्यातही परत येणं? दादा, बॅटरीची सायकल घ्या, विषय संपला. माझ्याकडे आहे. जळगावात पिंप्राळ्याहून एमआयडीसीला जातो, घामसुद्धा येत नाही.

चेनकव्हर:
जळगाव सपाट आहे भाऊ, तिथे घाम येतो तो ४५ डिग्रीमुळे. बॅटरीची सायकल चढावर चार्ज किती खाते ते लळिंगला येऊन बघा.

जळगावचा_केळीवाला:
बघितल्याशिवाय बोलत नाही. पायडल मारत राहिलं तर खात नाही. लोक नुसती मूठ पिळतात आणि मग कंपनीला शिव्या देतात.

निवृत्त_मास्तर:
आधी माहिती पूर्ण द्या, मग सल्ले. सायकल कोणती? गियरची की साधी? कामावर किती वाजता पोहोचायचं, सुटका किती वाजता? वय किती? अंधारात यावं लागणार का?

डबलसीट:
सर, आयडी वाचा की. बिनगियर.

बिनगियर:
साधी काळी सायकल आहे, वडिलांची. चांगल्या स्थितीत आहे. सकाळी साडेनऊला पोहोचायचं, सहाला सुटतो. वयाचा काय संबंध? रस्ता विचारतोय.

निवृत्त_मास्तर:
वयाचा संबंध संध्याकाळशी आहे. मालेगावची बाजू उंच, धुळं खाली. म्हणजे सकाळी तुम्हाला घाटाचा आखूड चढ आणि मग लांब उतार. संध्याकाळी उलटं. दिवसभर काम करून निघणार, पांझरा नदीपासून जो चढ लागतो तो अवधान, लळिंग करत खिंडीपर्यंत सुटत नाही. घाट टाळायचा म्हणताय, पण हा उंचीचा फरक कुठल्याही रस्त्याने चढावाच लागणार. तो किती लांबीत वाटला जातो एवढंच रस्ता बदलून बदलतं. थोड्या अंतरात चढला तर छातीवर येतं, लांबवर चढला तर वेळ जातो. त्याशिवाय तिसरा मार्ग भूगोलात नाही.

रूळांच्या_कडेने:
मास्तर बरोबर बोलताय, म्हणूनच मी रेल्वेचा रस्ता सुचवतो. आर्वीहून शिरूडला निघायचं, तिथून बोरविहीर करत चाळीसगाव रस्त्याने धुळ्यात. धुळे-चाळीसगाव लाईन याच अंगाने येते. इंग्रजांनी रूळ टाकले तेव्हा इंजिनाला चढ झेपत नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यात सौम्य वाट शोधलेली आहे. जिथून रूळ जातो तिथे पाय दुखत नाहीत. स्टेशनांची नावं वाचली तरी वाट कळते: शिरूड, बोरविहीर, मोहाडी प्रगणे लळिंग, धुळे. मी शिरूडहून येतो, घाट असा लागतच नाही.

चेनकव्हर:
आणि अंतर? आर्वीहून पूर्वेला शिरूड गाठायचं, मग वर धुळ्याला. त्रिकोणाच्या दोन बाजू. जवळपास दीडपट होईल. साडेनऊला पोहोचायला माणूस उजाडायच्या आत निघेल.

रूळांच्या_कडेने:
निघाला तर काय बिघडलं? उन्हाळ्यात तेच बरं.

घाटाखालचा_ड्रायव्हर:
चाळीसगाव रस्ता शांत आहे असं कोणी समजू नका, तो पण सोलापूरचा हायवेच आहे. ट्रक तिकडेही असतात.

रूळांच्या_कडेने:
याच रस्त्यावर चाळीसगावच्या पुढे कन्नड घाटात २०२३ साली हायकोर्टाने जड गाड्यांना बंदी घातली ना. तेव्हापासून कमी झालेत.

घाटाखालचा_ड्रायव्हर:
कमी कुठले? पर्यायी रस्ता नांदगावमार्गे दिला, तो फिरून चाळीसगावलाच येतो. तिथून पुढे धुळ्याचाच रस्ता धरतात. मी स्वतः गाडी घेऊन आलोय त्या फेऱ्याने.

आता विचारलंय म्हणून लळिंगचं सांगतो. सायकलवाल्याला वाटतं धोका चढावर आहे. चढावर गाडी हळू असते, आम्हाला तुम्ही दिसता, आम्ही बाजूने घेतो. धोका उतारावर. मालेगावकडून आलेली भरलेली गाडी खिंड ओलांडली की काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. मग सगळा भार ब्रेकवर. लायनर तापले की पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. २०२३ च्या जुलैत याच हायवेला पळासनेरजवळ ब्रेक गेलेला कंटेनर हॉटेलात घुसला, दहाच्या वर माणसं गेली. म्हणजे तुमचा सकाळचा उतार, ज्याला तुम्ही आराम समजताय, तोच खरा जपायचा. कडेला राहा, वळणावर मागे बघा, आणि मागून हॉर्न लांब वाजला तर रस्ता सोडून मातीत उतरा. आम्ही लांब हॉर्न हौसेने वाजवत नाही.

देवपूरकर:
हे महत्त्वाचं आहे. बिनगियर, उतारावर तुमचे ब्रेक कसे आहेत? जुन्या काळ्या सायकलींना सळीचे ब्रेक आणि लोखंडी रिम. ओल्या रिमवर रबर नुसतं घसरतं.

बिनगियर:
सळीचेच आहेत. पण पावसाळा लांब आहे अजून. आत्ता रस्ता सांगा.

चेनकव्हर:
रस्ता मास्तरांनी सांगितला की, सपाट नाहीच. आता चढ सोपा करायचं बघू. मी सायकली दुरुस्त करतो म्हणून सांगतो, नवी घ्यायची गरज नाही. काळ्या सायकलीला मागे बहुतेक १८ दातांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं दातेरी चक्र असतं, पुढे पायडलजवळच्या चक्राला ४४ किंवा ४८ दात. मागचं काढून २२ दातांचं बसवून घ्या. पुढे ४४ असेल तर एका पायडलला चाक २.४४ वेळा फिरतं, ते २ वेळाच फिरेल. चढावर पायाला लागणारा जोर अठरा टक्के कमी. सपाटीला पाय जरा जास्त फिरवावे लागतील, त्याने कोणी मरत नाही. चेनला दोन कड्या वाढवाव्या लागतील आणि मागचं चाक पुढे-मागे सरकवून ताण बघावा लागेल. ब्रेकची रबरं त्याच दिवशी बदला, तुमच्या सायकलीवर ती वडिलांच्या वेळचीच असतील.

जळगावचा_केळीवाला:
एवढं करण्यापेक्षा बॅटरी...

डबलसीट:
केळीवाले, तुमचं दुकान आहे का बॅटरीचं?

वजन_९२:
एक विचारू का? रोज ४० किमी सायकल मारली तर महिन्यात किती वजन उतरेल? भाकरी बंद करावी का?

शेवभाजी_फॅन:
लळिंग उतरल्यावर ढाब्यावर थांबायचं नाही हे जमलं तरच उतरेल. काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि वर तेलाचा तवंग, सकाळी साडेआठला. मी प्रयत्न केलाय.

निवृत्त_मास्तर:
लळिंगला जातच असाल तर कुरणातला लांडोर बंगला बघून या. बाबासाहेब १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे मुक्कामाला होते, दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसं जमतात. वर किल्ला आहे तो फारुकींच्या काळातला. खान्देशची सुरुवातच म्हणायची.

बिनगियर:
सर, मी सहलीला नाही जात आहे. आणि लांडोर बंगला मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा बघितला असेल, शेजारच्याच गावचा आहे.

वाऱ्याविरुद्ध:
वाऱ्याचं कोणी काढलं नाही. चैत्रापासून पाऊस लागेपर्यंत पश्चिमेचा वारा सुटतो, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या केल्या. तुमचा रस्ता दक्षिणोत्तर आहे म्हणजे वारा कुशीतून लागणार. मोठा ट्रक बाजूने गेला की वारा क्षणभर तुटतो आणि सायकल त्याच्याकडे ओढली जाते, तो पुढे गेला की परत फटका बसून बाहेर ढकलली जाते. पांढऱ्या पट्टीवर चालवणाऱ्याचं मरण तिथे आहे. पट्टीपासून हातभर आत मातीकडे राहा. मात्र मातीत सराटे असतात, ट्यूबमध्ये जेल घालून घ्या.

बोरीकाठ:
भाऊ, इतला इचार कसाले करस? सकायले आर्वीथाईन दूधनी पिकअप धुयाले जास. सायकल तेम्हा टाक, लळिंगना पुढे उतर, तठून पुरा उतारच शे. येवाना टाईमले रिकामी गाडीम्हा बठ.

डबलसीट:
हा पहिला कामाचा सल्ला.

बिनगियर:
सकाळचं पटलं. पिकअपवाला ओळखीचा आहे. पण तो दुपारी परत येतो, मी सहाला सुटतो.

घाटाखालचा_ड्रायव्हर:
एसटीच्या टपावर टाकायची सोयही गेली. आताच्या गाड्यांना वर कॅरिअरच नाही.

देवपूरकर:
लळिंग गावात कोणी नातेवाईक?

बिनगियर:
मामेसासरे आहेत. का?

देवपूरकर:
मग सायकल आर्वीला नेताच कशाला? ती लळिंगलाच मामांच्या अंगणात ठेवा. सकाळी आर्वी ते लळिंग काळीपिवळीने किंवा दुधाच्या गाडीने, तिथून सायकल. लळिंग ते धुळे साधारण १० किमी, उतार. संध्याकाळी लळिंगपर्यंत सायकलने या, पुढे जीप. घाट अजिबात नाही, सायकल अर्धीच, पण रोजची. अंधारात खिंड ओलांडायचा प्रश्नही सुटतो.

शहरातला भाग मी सांगतो, कारण मी तिथे राहतो. अवधान एमआयडीसीच्या वळणांवर जपा, शिफ्ट सुटताना मोटारसायकली कुठूनही घुसतात, उलट्या बाजूनेही. मोहाडी उपनगराजवळ, गुरुद्वाऱ्याच्या भागात हायवे सोडा आणि मालेगाव रोडने दसेरा मैदानाकडे या. हायवेने सरळ चाळीसगाव चौफुली, पारोळा चौफुलीपर्यंत जाऊ नका, तिथे सायकलवाल्याला कोणी मोजत नाही. पाचकंदीलची गर्दी नको असेल तर नदीच्या दिशेने निघून पांझरेच्या काठाचा रस्ता धरा, तो सपाट आहे. मोठ्या पुलाऐवजी गणपती पुलावरून देवपुरात. दत्त मंदिरापर्यंत थोडा चढ लागेल, पण तो शहराचा चढ, घाटाचा नाही.

रूळांच्या_कडेने:
नदीकाठी रात्री दिवे असतात का? मागे मी गेलो तेव्हा अर्धे बंद होते. आणि शिरूडचा रस्ता अजून कोणी करून बघितलेला नाही, तरी सगळ्यांनी मोडीत काढला.

चेनकव्हर:
रविवारी कर की त्याला घेऊन. मग बोलू.

रूळांच्या_कडेने:
चालेल. बिनगियर, रविवारी सकाळी सहाला शिरूड फाट्यावर या, सोबत धुळ्यापर्यंत जाऊ. किती वेळ लागतो ते घड्याळच सांगेल.

बिनगियर:
येतो. पण सोमवारी मामांच्या अंगणातूनच निघणार असं दिसतंय. बायको म्हणते त्यांना आधी फोन करा, सायकल परस्पर नेऊन ठेवली तर ती त्यांच्या नातवाच्या हाती लागेल. चेनकव्हर, २२ चं फ्रीव्हील धुळ्यात मिळेल का, आणि किती वेळ लागतो बसवायला?

चेनकव्हर:
मिळेल, जुन्या सायकल दुकानात विचारा, नाहीतर मागवावं लागेल. काम अर्ध्या तासाचं. काढायला त्या फ्रीव्हीलचा खास पाना लागतो, हातोडी-छिन्नी घेऊन बसणाऱ्याकडे देऊ नका, दात तुटतात. रिम २८ ची आहे ना?

बिनगियर:
२८ ची.

वजन_९२:
माझं कोणी सांगितलंच नाही. भाकरी बंद करू की चालू ठेवू?