मदत हवी आहे : श्रेक ५ येण्याआधी लेकीला कुठल्या गोष्टी सांगून ठेवू?

नमस्कार मंडळी, मी डिचोलीचा. मुलगी मराठी शाळेत तिसरीत आहे आणि श्रेकचा, म्हणजे त्या हिरव्या राक्षसाच्या कार्टून सिनेमाचा, पाचवा भाग येतोय हे कळल्यापासून ठरवलंय की तो तिला थेटरातच दाखवायचा. आधी जुलै २०२६ म्हणत होते, मग डिसेंबरवर गेला, आता ३० जून २०२७ सांगतायत. चौथा २०१० ला आलेला, एवढी वर्षं वाट बघून परत पुढं ढकलला म्हटल्यावर मला खरंच वाईट वाटलं. पण तयारीला वेळ मिळाला, आणि तयारीतच गाडी अडलीय.

गेल्या रविवारी घरी पहिला लावला, २००१ चा. माझी आईपण बसलेली. श्रेकला बघून ती लगेच म्हणाली, "अगं बाय, हा तर देवचार, हातात दांडा तेवढा नाही!" आणि लेकीला ते एकदम पटलं, कारण देवचाराला रोट ठेवतात ते तिने बघितलंय, दिसायला भयंकर पण गाव राखणारा. त्यामुळे श्रेक तिला समजला, दलदलीत एकटा का राहतो, कोण आलं की का खेकसतो, सगळं. आम्हाला कांद्यासारखे पापुद्रे असतात असं तो गाढवाला सांगतो ना, दुसऱ्या दिवशी ही आजीशेजारी कांदा घेऊन बसली, एकेक पापुद्रा काढून ताटलीत ओळीने मांडत, पार आतला हिरवा कोंब दिसेपर्यंत, डोळ्यांतून धारा लागल्या तरी सोडेना.

पण बाकीचं डोक्यावरून गेलं. सिनेमातला दुष्ट सरदार फारक्वाड जिंजरब्रेडच्या माणसाचे, म्हणजे माणसाच्या आकाराच्या बिस्किटाचे, पाय मोडतो तिथे मी हसतोय आणि ही रडायला लागली, "पप्पा, बिस्किटाने काय केलं होतं त्याला?" तिला मूळ गोष्टच ठाऊक नाही, की ते बिस्कीट पळत सुटतं आणि मला पकडून दाखवा म्हणतं, म्हणूनच तो तुटके पाय हातात नाचवत त्याचीच ओळ त्याला ऐकवतो. आजीच्या कपड्यांतला लांडगा, तीन आंधळे उंदीर, राजकन्या फिओनाच्या गाण्याने फुटणारं पाखरू, सगळ्याचं तेच. चिऊताई-काऊदादा, भोपळ्यातली म्हातारी तिला तोंडपाठ आहेत, पण इथे अर्धी गंमत गोष्ट उलटी करण्यात आहे, सरळ गोष्ट ऐकलीच नसेल तर उलटं काय झालं ते पोराला कसं कळणार? मधे थांबवून सांगितलं तर वैतागते, आणि थेटरात तर थांबवताच येणार नाही.

तर ज्यांनी मुलांना हे सिनेमे दाखवलेत त्यांनी प्लीज सांगा. लाल टोपीवाली, पिनोकिओ, तीन डुकरं, हिमगौरी आणि सिंड्रेला एवढ्या मी रात्री झोपताना सांगणारच आहे, दुसऱ्या भागात सिंड्रेलाला मदत करते तसली परीराणीच खलनायिका आहे म्हणून सिंड्रेला आधी हवीच असं मला वाटतं. चौथ्यासाठी रंपलस्टिल्टस्किनची गोष्ट सांगू का, नाव ऐकूनच पळेल ती. मराठीत या गोष्टी बोलीभाषेत, चित्रांसकट कुठल्या पुस्तकात मिळतील? आणि इंग्रजी की हिंदी? इंग्रजीत श्रेकला आवाज देणाऱ्या माइक मायर्सचा तो स्कॉटिश सूर मला जाम आवडतो पण तिला पत्ताच लागत नाही, हिंदीत बघितलेल्यांनी गाढवाची मजा टिकते का ते सांगा.

शेवटचं म्हणजे श्रेकमधल्याच बोक्याचे (पुस इन बूट्स) दोन सिनेमे. पाचव्यात झेंडाया श्रेकच्या मुलीचा आवाज देतेय, म्हणून श्रेकची तिळी पोरं आहेत ते तिसरा-चौथा भाग दाखवणारच. पण बोक्याचा २०२२ चा मला सगळ्यात भारी वाटतो आणि त्यात लांडगा म्हणजे साक्षात मृत्यूच आहे, ती शिट्टी ऐकून मीच दचकलो होतो. आठ वर्षांच्या पोरीला दाखवू की दोन वर्षं थांबू? अंधाराला घाबरते ती अजून, रात्री न्हाणीघरापर्यंत कोणीतरी सोबत लागतं.