उडीला पाय मागे जातो: गुडघा आवळायचा की सोडायचा?

रपेट_रोजची
दोन वर्षं घोड्यावरून उड्या शिकतेय, आता 80-90 सेंटिमीटरपर्यंत आलेय. अडचण एकच, घोड्याने पुढचे पाय उचलले की माझा गुडघ्याखालचा पाय सुटून मागे जातो, टाच वर येते आणि उतरताना मी त्याच्या मानेवर. जिथे शिकले तिथे यावर उपाय ठरलेला, "मांड पक्की ठेव, गुडघे आवळ", आणि तरी नाही जमलं की रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) काढून घ्यायच्या नि वीस मिनिटं दुडकी. सहा महिने इमानेइतबारे केलं, फरक शून्य, उलट वाढलंच. मागच्या महिन्यात बूट पॉलिश करायला बसले तेव्हा दिसलं की दोन्ही बुटांचं चामडं आतल्या बाजूने गुडघ्यापाशी घासून चकचकीत झालंय आणि खाली पोटरीपाशी अगदी कोरं, दुकानातून आणल्यासारखं. म्हणजे माझा पाय घोड्याला लागतो तो फक्त गुडघ्यात, खालचा सगळा हवेत! मग तो गुडघ्याभोवती लंबकासारखा फिरणार नाही तर काय. माझं आता ठाम मत झालंय की उडीसाठी गुडघा आवळायला शिकवणं हेच चुकीचं आहे. गुडघा नुसता टेकलेला हवा, पोटरी घोड्याच्या कुशीला लागलेली आणि वजन टाचेत. विरोधातली मतं असतील तर जरूर मांडा.

निवृत्त_रिसालदार
मांडतो. ताई, मांड म्हणजे गुडघा नव्हे. मांड म्हणजे बैठकीपासून मांडी, गुडघा, पोटरी असा सगळा पाय घोड्याला लपेटून बसणं. कोणी तुम्हाला नुसता गुडघा आवळायला सांगितलं असेल तर त्याने शब्द अर्धाच शिकवला, त्याचा दोष मांडेवर कशाला? आणि रिकिबीशिवायच्या मेहनतीला नावं ठेवू नका. आम्हाला पहिले कित्येक आठवडे रकाब दाखवलीसुद्धा नव्हती, मांड्या सोलून निघायच्या, पण त्यानंतर घोडा अडखळो, बुजो, आडवा उडी मारो, माणूस खोगिरावरून हलत नसे. 1982 च्या दिल्ली एशियाडला इव्हेंटिंगचं (चाल, मैदानी अडथळे आणि उड्या अशा एकत्रित स्पर्धेचं) सुवर्ण लष्कराच्या घोडदळातल्या, 61 कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी आणलं, ते याच शिस्तीतून. हल्ली सहा महिन्यांत 90 सेंटिमीटर उडायची घाई असते, पाया कच्चा आणि वर मजला.

रपेट_रोजची
साहेब, घाईचं मान्य. पण उडीच्या क्षणी बूड खोगिरावर नसतंच ना? आपण उचललेले असतो, पुढे वाकलेले. तेव्हा खाली आधार काय तर रिकीब आणि तिच्यावरचा चवडा. मग जी बैठक उडीत वापरायचीच नाही ती घोटून उडीचा पाय कसा सुधारेल? एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रिकिबी ठेवून, मागे रेलून, लगाम खेचत उड्या मारायचे. इटलीच्या घोडदळातल्या कॅप्रिलीने पिनेरोलोच्या शाळेत ते सगळं उलटं केलं, रिकिबी आखूड, अंग पुढे, घोड्याचं डोकं मोकळं. आज जग तसंच उडतंय. तोही फौजीच होता.

खोगीरवाला
तुम्ही दोघं पायावर भांडताय, कोणी खोगीर बघितलंय का? ताई, तुमचं खोगीर उड्यांचं आहे की सगळ्या कामांचं? रिकिबीचा पट्टा अडकवायची खोगिरावरची कडी जर मागे असेल तर रिकीब मागेच लोंबणार, पाय कितीही पुढे ठेवा, पट्टा त्याला मागे ओढतोच. दुसरं म्हणजे लांबी. पाय मोकळा सोडल्यावर रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी येतो ती साध्या रपेटीची लांबी, उडीला त्यापेक्षा दोन भोकं तरी वर घ्या. पट्टा लांब असला की माणूस रिकीब शोधायला पंजा खाली ताणतो, टाच आपोआप वर आणि पकड गुडघ्यात. आपल्याकडे क्लबातले बरेच घोडे रेसवरून आलेले, अंगाने चपटे, लांब पायाच्या माणसाची पोटरी तिथे नीट टेकतच नाही. निम्म्या लोकांचा आजार दोन भोकांत बरा होतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मी_नाशिककर
टीव्हीवर बघा, 1.60 मीटरच्या उडीवर मोठमोठ्या स्वारांचे पाय मागे गेलेले दिसतात. ते जिंकतात ना? मग एवढा बाऊ कशाला.

रपेट_रोजची
@मी_नाशिककर, त्यांचा घोडा 1.60 ला पाठ इतकी गोल करतो की स्वार अक्षरशः वर फेकला जातो, आणि उतरायच्या आत पाय परत जागेवर आलेला असतो. माझा येत नाही. माझा घोडा मागच्या गुरुवारी 70 सेंटिमीटरच्या साध्या कैचीसमोर (दोन दांडे फुलीसारखे लावलेला अडथळा) अडला, पाय आधीच मागे सरकलेला, मी कानांवरून थेट वाळूत. मला लागलं नाही, पण पडताना लगाम हातात राहिला आणि त्याच्या तोंडाला जो हिसका बसला त्याचं मला अजून वाईट वाटतंय. दुसऱ्या दिवशी बिट (लगामाची तोंडात घालायची कडी) बघूनच तो मान वर करत होता. पायाचा हट्ट मी त्याच्यासाठी धरलाय.

फिजिओताई
मी स्वतः स्वार आहे आणि व्यवसायाने फिजिओ. "टाच खाली" हे ओरडून सांगण्याने फार नुकसान होतं. माणूस टाच जोर लावून दाबतो, घोटा कुलूप लावल्यासारखा आखडतो, मग धक्का घोट्यात जिरायच्या ऐवजी गुडघ्यात जातो नाहीतर अख्खा पाय पुढे फेकला जातो. पोटरीचा स्नायू आखूड असेल (खुर्चीवर बसून काम करणाऱ्या बहुतेकांचा असतो) तर टाच खाली जायला जागाच नसते. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा हळूहळू लोंबू द्या, रोज, घाई न करता. रिसालदार साहेब, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण थकलेली माणसं रिकिबीशिवाय गुडघ्यानेच लटकतात आणि पाठीवर आपटत राहतात, ते घोड्याच्या पाठीलाही वाईट. लंजवर, म्हणजे लांब दोरीवर घोडा गोल फिरवत, शिकवणाऱ्याच्या हातात दोरी, दहा मिनिटं, एवढं बस.

निवृत्त_रिसालदार
घोड्याच्या पाठीचं बोललात ते पटलं. वीस मिनिटं सलग दुडकी कच्च्या स्वाराकडून करवून घेणं मलाही मंजूर नाही. कानांवरून पडण्याचं वाचून मात्र वाटलं की तुम्ही आत्ता उड्याच थांबवा. महिनाभर नुसतं असं करा: घोड्याच्या गळ्यात जुना पट्टा बांधा, तो एका हाताने धरा, आणि कदम, दुडकी, मग कँटर (दुडकीपेक्षा वेगाची चाल), तिन्ही चालींत रिकिबीत अर्धं उभं राहा, बूड खोगिराच्या चार बोटं वर. तोल गेला की पट्टा धरायचा, लगाम नाही. सलग पाच मिनिटं जमलं की मग कैची, तिच्या अलीकडे 9 फुटांवर जमिनीवर एक दांडा, दुडकीत यायचं. दांडा घोड्याला टेकऑफची जागा देतो, तुम्हाला अंदाज करायचा राहत नाही, पायाकडे लक्ष देता येतं. गुडघ्याचं मी तरीही म्हणेन, सैल सोडा म्हणजे उघडा ठेवू नका. गुडघा बाहेर फिरला की पंजा बाहेर, आणि मग टाच नको तिथे टोचते. पोटरी टेकवलीत तसाच गुडघाही टेकलेला हवा.

रपेट_रोजची
टेकलेला हेच तर मी वर लिहिलं होतं साहेब! आवळलेला नको एवढंच. पट्टे दोन भोकं वर घेतलेत आज, खोगीरवाल्यांचं ऐकून. पहिल्यांदाच कँटरमध्ये पोटरीला घोड्याचा श्वास जाणवला. घोटे मात्र संध्याकाळी बोंबलत होते.

निवृत्त_रिसालदार
बोंबलू द्या, आठवडाभर. महिन्याने कैचीचा व्हिडिओ टाका, बाजूने काढलेला, उतरतानाचा. रिकिबीचा पट्टा जमिनीकडे सरळ लोंबतोय का ते आधी बघेन.