मदत हवी आहे : मुलाखतींतील ओळख कशी झाकावी?
नमस्कार. नागपुरातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रस्त कुटुंबांच्या मुलाखतींत मी नावांऐवजी सांकेतिक क्रमांक घातले असून नाव-क्रमांकांच्या जुळणीची यादी कुलूपबंद ठेवली आहे. अर्थात, ती यादी आहे तोवर ही माहिती पूर्णपणे निनावी ठरत नाही. खरी अडचण मजकुराची आहे. ‘इंदोऱ्यात घर, दोन्ही मुले आजारी, नवरा संत्रा मार्केटात हमाल’ (तपशील येथे बदलले आहेत) एवढे वाचले तरी शेजारीण मुलाखत दिलेल्या ताईंना ओळखेल, आणि घरात लग्नाची मुलगी असताना असे होणे मला फार गंभीर वाटते. वस्तीऐवजी ‘उत्तर नागपूर’ आणि वयाऐवजी वयोगट लिहिता येईल; परंतु हमाली गाळली, तर उपचारांपायी बुडणाऱ्या मजुरीचा मुद्दाच हरवतो. असे तपशील बदलावेत की गाळावेत, आणि संमती आधीच घेतलेली असली तरी उतारा ताईंना पुन्हा वाचून दाखवावा का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.