रॅकून माणसाळतो का? आणि मग आमच्या माळ्यावरच्या उदमांजराने काय घोडं मारलंय?

आजोबा_परत_आले :
नमस्कार मंडळी. मुलाकडे टोरांटोला साडेपाच महिने राहून परवाच सहकारनगरला परत आलोय, जेटलॅगमुळे पहाटे तीनला टक्क जागा असतो म्हणून हा धागा, चूकभूल द्यावी घ्यावी.

मुलाच्या घरामागे लाकडी ओटा आहे, डेक म्हणतात त्याला, त्याच्याखाली एक रॅकूनीण चार पिल्लं घेऊन राहत होती. डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीला काळे वेढे, एकूण अवतार दरोडेखोराचा. मुलगा म्हणाला बाबा लक्ष देऊ नका. पण मला दुसरं काम काय होतं हो, संध्याकाळी चहा घेऊन तिथेच बसायचो. त्यातलं एक पिल्लू पहिल्या आठवड्यात दहा फुटांवरून बघायचं, मग पाच फूट, आणि ऑगस्ट संपेपर्यंत माझ्या हातातून पार्ले-जी घ्यायला लागलं. पुढचे पाय म्हणजे अगदी हातच, पाच बोटं, बिस्कीट दोन्ही हातांनी धरून खायचं. मी त्याचं नाव बंड्या ठेवलं. बंड्या म्हटलं की मागच्या दोन पायांवर उभा राहून हात पसरायचा. माणसाळला म्हणजे याहून वेगळं काय असतं?

आता इकडे आलो तर आमची ही सांगते माळ्यावर उदमांजर आहे. रात्री अकरानंतर घरात आंबेमोहर शिजत असल्यासारखा वास येतो, तो त्याचाच. आमचा बंगला तळजाईच्या पायथ्याशी, कौलारू, चिकूची फांदी छपराला टेकलेली, त्यामुळे त्याची सोय झालीय. मी म्हणतो रोज गच्चीत एक केळं ठेवायचं, सहा महिन्यांत हेही बंड्यासारखं हातातून खाईल. ही नको म्हणते. तुम्हाला काय वाटतं? कुत्रासुद्धा एकेकाळी लांडगाच होता ना.

सदा_साशंक :
काका, बंड्या माणसाळला नव्हता. सोकावला होता.

मिसळ_विदाऊट_पाव :
सदाभाऊ सकाळी सकाळी कडू कारलं. काकांचं बरोबर आहे. रॅकून पाळल्याचं उदाहरण थेट व्हाइट हाउसमधलं आहे. १९२६ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना कोणीतरी थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी जिवंत रॅकून पाठवला, म्हणजे कापून खा म्हणून. त्यांनी तो खाल्ला नाही, पाळला. रिबेका नाव ठेवलं, गळ्यात पट्टा, साखळी, कूलिजबाई त्याला घेऊन लोकांसमोर यायच्या, फोटो आहेत. आता बोला.

आजोबा_परत_आले :
वा! हे मला माहीत नव्हतं. ही उठली की पहिलं हेच सांगतो.

सदा_साशंक :
काका, वहिनींना पूर्ण गोष्ट सांगा. ती रिबेका दिवे फिरवून काढायची, कपाटं उघडायची, कुंड्यांतली झाडं उपटायची. आणि १९२९ मध्ये कूलिज व्हाइट हाउस सोडून गेले तेव्हा रिबेका त्यांच्याबरोबर गेली नाही, प्राणिसंग्रहालयात गेली. पाळीव प्राणी घर बदलताना बरोबर नेतात, ज्याला सोडून जावं लागतं तो पाहुणा. आणि टोरांटोत २०२३ पासून वन्यप्राण्यांना खायला घालायला बंदी आहे, स्वतःच्या अंगणातसुद्धा, तेव्हा मुलाला विचारा दंडाची पावती आलीय का.

ऋता_व्हेट :
मी प्राण्यांची डॉक्टर आहे, पुण्यातच, कुत्रीमांजरं जास्त, पण शिकताना थोडं वन्यप्राण्यांचंही काम केलंय. जरा लांबलचक लिहिते.

माणसाळलेला आणि पाळीव हे दोन शब्द आपण सरमिसळ करून वापरतो, पण ते एक नाहीत. माणसाळणं एका जिवाचं होतं, त्याच्या हयातीपुरतं. पाळीव होणं पिढ्यांचं काम आहे. १९५९ मध्ये सायबेरियात द्मित्री बेल्याएव यांनी फरसाठी पाळलेल्या कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला, प्रत्येक पिढीतले माणसाला सगळ्यात कमी घाबरणारे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच वीण पुढे चालवायची. तेव्हा कुठे काही पिढ्यांनी शेपटी हलवणारी, हात चाटणारी पिल्लं जन्माला यायला लागली. बिस्कीट घालून नाही, निवडून. बंड्याची पिल्लं पुन्हा पहिल्यापासून रानटीच जन्मणार.

दुसरं म्हणजे रॅकूनचं पिल्लू गोड असतं यात वादच नाही, पण वयात आलं की गणित बदलतं. चावतात, आणि खेळता खेळता नाही, खरोखर चावतात. अमेरिकेच्या पूर्व भागात रॅकूनमध्ये रेबीज आहे, तिथे लसीचे खाऊ विमानातून जंगलात टाकतात तो आटोक्यात ठेवायला. शिवाय त्यांच्या आतड्यात एक जंत असतो, बेलिसास्करिस. रॅकून ठरावीक जागीच विष्ठा करतात, झाडाच्या बुंध्याशी, छपरावर, डेकवर, आणि त्यातली अंडी वर्षानुवर्षं मातीत टिकतात. माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. असे रुग्ण फार थोडे आहेत, घाबरवत नाहीये, पण जे झालेत त्यात मातीत खेळणारी लहान मुलं आहेत. काका, तुम्ही बिस्कीट भरवून हात धुऊन चहाचा कप उचलायचात ना?

आजोबा_परत_आले :
ऋताताई, आता खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी नाही.

कासेलकर :
मूळचा कर्वेनगरचा, सहा वर्षं जर्मनीत कासेलला. हे गाव म्हणजे युरोपातली रॅकूनची राजधानी, लोक खरंच तसं म्हणतात. जर्मनीत हा प्राणी मुळात नव्हताच. १९३४ मध्ये इथून जवळ एडरझे नावाच्या तलावाकाठी दोन जोड्या मुद्दाम सोडल्या, आणि १९४५ मध्ये बर्लिनच्या पूर्वेला एका फरच्या फार्मवर बॉम्ब पडला तिथून काही पळाले. आज देशभर लाखांत आहेत. आमच्या घरमालकाने पावसाच्या पाण्याच्या पायपाला गुळगुळीत पत्रा गुंडाळलाय, कारण त्या पायपावरून चढून ते माळ्यात शिरतात.

मला ते आवडतात हेही सांगतो. रात्री उशिरा ट्रॅमने उतरलो की एखादा कचऱ्याच्या डब्यावर बसलेला असतो, आपल्याकडे बघून हलत नाही, उलट आपल्यालाच वाटतं सॉरी बोलावं. जर्मनमध्ये नाव आहे वाशबेअर, म्हणजे धुणारं अस्वल. खाणं पाण्यात बुडवून चाचपतो म्हणून. त्यात स्वच्छता वगैरे काही नाही, ओल्या हाताला स्पर्श जास्त कळतो एवढंच.

पण विकत घ्यायचा किंवा वीण काढायची म्हटलं तर युरोपियन युनियनमध्ये २०१६ पासून बंदी. कारण दोन जोड्यांचं काय होतं ते नव्वद वर्षं बघतोय आम्ही.

कोबी_भजी :
जपानमध्ये पण सेम. १९७७ मध्ये टीव्हीवर रॅकूनच्या पिल्लाचं कार्टून लागलं, पोरांनी हट्ट धरला, आईबापांनी अमेरिकेतून मागवले. मोठे झाल्यावर आवरेनात म्हणून नेऊन सोडले रानात. आता शेतं आणि जुनी लाकडी देवळं खराब करतात. गंमत म्हणजे त्या कार्टूनच्या शेवटी पोरगा पिल्लाला रानात सोडतो, तेवढं मात्र सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलं.

मिसळ_विदाऊट_पाव :
तुम्ही सगळे माणसांच्या चुका सांगताय, प्राण्याच्या नाही. हे बघा, २०२५ मध्ये अमेरिकेत अर्कान्सासच्या एका विद्यापीठातल्या लोकांनी रॅकूनचे जवळपास २० हजार फोटो तपासले. शहरातल्या रॅकूनचं तोंड खेड्यातल्यापेक्षा साडेतीन टक्के आखूड निघालं. आखूड तोंड हे पाळीव होण्याचं लक्षण धरतात, कुत्र्यात झालं, ऋताताईंच्या त्या कोल्ह्यांत पण झालं. म्हणजे कोणी निवडलं नाही काही नाही, नुसतं कचऱ्याशेजारी राहून व्हायला लागलंय. मांजर नाही का धान्याच्या कोठारात उंदीर खायला आली आणि राहिली? कोणी आमंत्रण दिलं होतं?

ऋता_व्हेट :
मुद्दा चांगला आहे आणि त्यावर मला पटकन उत्तर नाही. फक्त एवढंच की तिथे निवड कचरा करतोय. जो घाबरून पळत नाही त्याला जास्त खायला मिळतं. त्यात काकांच्या पार्ले-जीचा वाटा शून्य. आणि मांजराला हजारो वर्षं लागली, बंड्याकडे तेवढा वेळ नाही, जंगलात रॅकून सरासरी दोन-तीन वर्षं जगतो.

सदा_साशंक :
टोरांटो महापालिकेने २०१६ मध्ये ३ कोटी १० लाख डॉलर घालून रॅकूनला उघडता येणार नाहीत असे कचऱ्याचे डबे आणले. काहींनी ते पण उघडले. याला पाळीव म्हणणार का? मी याला शेजारी म्हणेन, तोही भांडकुदळ.

सकाळची_तळजाई :
मी उदमांजराबद्दल लिहिते कारण रॅकून काही पुण्यात येत नाहीये. दोन वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगच्या वरच्या पत्र्याखाली उदमांजर राहायला आलं. रात्री धावाधाव, पत्र्यावर विष्ठेत चिकूच्या बिया, तक्रारी सुरू. पाचव्या मजल्यावरच्या एका काकूंना मात्र भारी कौतुक, रोज बशीत केळं. मग ते त्यांच्या खिडकीत यायला लागलं, मग शेजारच्यांच्या, तिथे लहान बाळ होतं, त्याची आई किंचाळली. मीटिंग झाली, एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने भर दुपारी येऊन बाहेर जायची फट सिमेंटने बुजवली आणि पैसे घेऊन गेला. आत काय आहे बघितलंच नाही.

आत तीन पिल्लं होती. आई बाहेर राहिली. दोन रात्री ती पत्रा ओरबाडत होती आणि आतून बारीक आवाज. तिसऱ्या दिवशी मी वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन केला, माणसं आली, सिमेंट फोडलं. दोन जिवंत होती.

काका, तुमचं केळं प्रेमाचं असेल पण ते खाऊन तो प्राणी ज्या खिडकीत जाऊन बसेल तिथे तुम्ही नसणार. घालवायचं असेल तर पिल्लं मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबा, मग माळ्यावर रात्री दिवा लावून ठेवा, फांदी छाटा, सगळे बाहेर गेल्याची खात्री करून मगच फट बुजवा. आणि पाळायचं तर विसराच, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

पर्वती_पायथा :
घालवायचं तरी कशाला? उंदीर खातं ते. आमच्या वाड्यात माझ्या आजीच्या काळापासून आहे, कोणी केळं घातलं नाही, कोणी हाकललं नाही. आजी फक्त म्हणायची, आली बघ आंबेमोहरवाली.

मिसळ_विदाऊट_पाव :
हे बाकी आवडलं. मी केळ्याची बाजू सोडली. रॅकूनची नाही.

कोबी_भजी :
पुणेकरांनी प्राण्यांबरोबर राहायच्या गप्पा मारू नयेत. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडमध्ये गवा आला होता, त्याच्यामागे किती लोक मोबाइल घेऊन पळत होते आठवतंय ना, दमून मेला बिचारा.

आजोबा_परत_आले :
सगळ्यांचं वाचलं. सकाळच्या तळजाईबाईंचं दोनदा वाचलं.

काल रात्री मुलाने व्हिडिओ पाठवलाय. पलीकडच्या घरात एक चिनी आजोबा राहतात, माझ्याच वयाचे, भाषेचा प्रश्न असल्यामुळे आम्ही फक्त हात करायचो. त्यांच्या मागच्या दारात बंड्या मागच्या दोन पायांवर उभा आहे, हात पसरून, माझ्यासमोर राहायचा अगदी तसाच. आजोबांनी बागेचा पाइप सोडला त्याच्यावर. तो पळाला नाही. ओला होऊन तसाच उभा राहिला, मला वाटतं त्याला कळत नव्हतं की काय चुकलं. मग त्यांनी झाडू आणला.

मुलगा हसतोय व्हिडिओत. मी त्याला काही बोललो नाही.

गच्चीत मी काल केळं ठेवलं नाही. सकाळी साल पडलेली दिसली, पण हिला काही विचारलं नाही.