गोदीचं संग्रहालय: लोखंडी आकडा द्यावा का?

गोदीकराची_लेक: बाबा गोदीत हमाल होते. गोण्या ओढायचा त्यांचा लोखंडी आकडा माळ्यावर आहे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गोदी संग्रहालय व्हावं असं फार वाटतं. पण तिथे असला आकडा ठेवतील, की नुसता कॅफे नि सेल्फी पॉइंट?

लालबागवाला: आकडा लगेच देऊ नका हो! आधी बाबांना बोलतं करून रेकॉर्ड करा. आकडा कसा धरायचा हे काचेच्या पेटीतून कळत नाही.

जुना_दर्यावर्दी: संग्रहालयात १४ एप्रिल १९४४चा मुंबई गोदीतला स्फोट हवाच. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर दारूगोळा नि कापूस एकत्र! सोन्याच्या विटाही होत्या, पण लोक फक्त तेवढंच सांगतात.

गोदीकराची_लेक: बाबा म्हणतात, आधी तिकीट किती ते विचार.