धाब्याच्या घराचं चित्र: रेघ मरते, भिंतीचा निळा जमत नाही

ओसरी_धुळे
मंडळी, खानदेशातल्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरांवर आठ चित्रं करतेय, लहान पोराला दिसलं असेल तसं: निळसर भिंत, कोनाड्यातला दिवा, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) झोका, दारातली बैलजोडी. कागद जाड, ३०० जीएसएमचा, रंग गुआश (अपारदर्शक जलरंग). फोटोवरून पेन्सिलीने आखलेलं बरोबर येतं, पण त्यावर शाई फिरवली की रेघ मरते. आणि भिंतीचा निळा प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसतो. पांढरा वाढवला तर रंग खडूसारखा होतो. चुकतंय कुठे?

गेरू_खडू
ताई, आधी फोटो बाजूला ठेवा. तो मोठ्या माणसाच्या उंचीवरून काढलेला असतो. पाच वर्षांच्या पोराचे डोळे जमिनीपासून सव्वातीन फुटांच्या आसपास असतात. म्हणजे दार सहा फुटी असेल तर क्षितिजरेषा (डोळ्यांच्या पातळीची रेघ) दाराच्या मध्याच्या किंचित वर येते. मग कोनाड्याचा तळ दिसताच कामा नये, नुसती पुढची कड आणि वर दिव्याची ज्योत. बैलाची पाठ नजरेच्या वर जाते, पलीकडचा बैल जवळजवळ झाकला जातो. चित्रात लहानपण येतं ते इथून. वाकड्यातिकड्या रेघा मुद्दाम काढून येत नाही.

रेघ मरते, कारण शाई फिरवताना तुम्ही बैल बघत नाही, खालची पेन्सिल बघता. हात हळू होतो, जाडी सगळीकडे सारखी पडते. अजिंठ्यात आधी गेरूची रेघ, मग रंग आणि शेवटी पुन्हा गडद रेघ, असा क्रम आहे. तसंच करा. पहिली रेघ रंगाखाली बुडू द्या. शेवटची रेघ नव्याने, मनगट न टेकवता खांद्यातून ओढा. बोरूने काढलीत तर उत्तम, शाई संपत आली की रेघ आपोआप सुकी पडते.

नीळपूड
निळ्याबद्दल. ट्यूबवर पीबी १५ (हा रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलंय का बघा. तो थॅलो, बादलीचा निळा तोच. भिंतींचा निळा चुन्यात कालवलेल्या नीळपुडीचा, म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २९. बाटलीतली पातळ नीळ मात्र वापरू नका. तो डाय (विरघळणारा रंग) असतो, उजेडात उडतो.

दुसरं, ती भिंत रंगाच्या एका हाताची नसते. दरसालच्या चुन्याखालून माती डोकावते. आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) यांचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या. वर झिंक व्हाइट दहा भाग, अल्ट्रामरीन एक भाग. टायटॅनियम व्हाइट नको, तो सगळं झाकतो, म्हणूनच खडूसारखं दिसतं. ब्रश अर्धा सुका ठेवून कुंच्यासारखे उभे फटकारे मारा. एका जागी दोनदा घासलंत तर खालचा गुआश सुटतो आणि रंग गढूळ होतो. फिकट गुआश वाळल्यावर थोडा गडद दिसतो, म्हणून कागदाच्या पट्टीवर वाळवून मगच ठरवा.

ओसरी_धुळे
पीबी १५ च आहे! खरा चुनाच लावला तर?

नीळपूड
कागदावर नको. चुना वाळून ताठ होतो, कागद वाकला की पापुद्रे पडतात. पुढे कधी भिंतीवर केलंत तर अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो, प्रशियन ब्लू तपकिरी पडतो.