अनुभव धागा : ‘लमाण’ वाचलेल्या सोलापूरकरांनो, लिहा

डॉ. श्रीराम लागूंचं आत्मचरित्र ‘लमाण’ या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा वाचलं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, मग काय करणार! नाक-कान-घशाचे सर्जन, टांझानियात प्रॅक्टिस, आणि १९६९ साली चाळिशी ओलांडल्यावर ते सगळं सोडून पूर्णवेळ नट. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’. एवढं सगळ्यांना पाठ आहे. वाचून तुम्ही काय केलंत, किंवा काय करायचं राहिलं, ते सांगा. ‘प्रेरणादायी’ शब्द वापरणाऱ्याला शेंगाचटणी मिळणार नाही.

जुळे सोलापूर
मी भूल देणारा डॉक्टर. ४४व्या वर्षी पुस्तक वाचलं आणि दवाखाना बंद करून गाणं शिकायचं असं जेवताना जाहीर केलं. बायको म्हणाली, “आधी तानपुरा तरी आणा.” तेव्हा परत उघडून पाहिलं. लागू नोकरी-धंदा सांभाळून वीसेक वर्षं हौशी रंगभूमीवर घासत होते की! लोक उडी उडी म्हणतात, पण गडी कधीचा पाण्यातच होता. सध्या आठवड्यातून दोनदा क्लास. दवाखाना चालू आहे.

अशोक चौक
वडील गिरणीत मागावर होते. रात्रपाळी करून कामगार कल्याण केंद्राच्या नाटकांत कामं करायचे. गिरणी बंद पडली, नाटकही सुटलं. पुस्तक आणून दिलं तर डॉक्टरकी सोडल्याच्या भागाशी थांबून म्हणाले, “त्यांचं नाटक पडलं असतं तर परत लोकांचे घसे बघितले असते. आमचा माग बंद पडल्यावर आम्ही कुणाचा घसा बघायचा बे?” मला उत्तर सुचलं नाही. पुस्तक मात्र पुरं केलं त्यांनी. तालमींबद्दलचं मी मोठ्यानं वाचत होतो, तर माझे पॉज सुधारत बसले.

दक्षिण सोलापूर, तांडा
खरं सांगतो, नाव बघून आधी डोकं फिरलं. शाळेत आम्हाला ‘ए लमाण्या’ म्हणून चिडवायचे. आम्ही स्वतःला गोर म्हणतो. मग आत वाचलं : नट हा लमाण, लेखकाचा माल प्रेक्षकापर्यंत नेऊन पोचवणारा, माल त्याचा स्वतःचा नव्हे. राग गेला, पण एक हरकत राहिली.

आजोबा त्यांच्या आजोबांकडून ऐकलेल्या लदेणीच्या गोष्टी सांगायचे. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य. दोन्ही बाजूच्या गोण्या सारख्या वजनाच्या लागायच्या, नाहीतर बैलाची पाठ सोलवटायची. म्हातारा हे सांगताना दोन्ही तळहात वरखाली करून तोलून दाखवायचा. १८६० साली सोलापुरात रेल्वे आली, आणि हळूहळू लदेणीच संपली. माझी हरकत अशी, की लमाण नुसता हमाल नव्हता. तो व्यापारी होता. मीठ ओलं आहे का, धान्यात खडे किती, हे पारखून मगच गोणी शिवायचा. लागूंनी विनयानं निम्मीच गोष्ट घेतली. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ सेन्सॉरशी भांडून रंगमंचावर आणणारा माणूस हमाल कसा? माल त्यांनीही पारखूनच उचलला की.

मी मराठी शिकवतो. कवितेत मधेमधे स्वतःचं रडगाणं घालायची खोड होती मला. आता आधी कविता पोचवतो, मी नंतर.

विडी घरकुल
आई विड्या वळते, मी शेजारी बसून वाचून दाखवते. तिची मराठी तेलुगू वळणाची, नाटकाचं फारसं कळत नाही. मी मधेच सांगितलं की लागूंचा मुलगा तन्वीर १९९४ साली रेल्वेनं जाताना बाहेरून आलेला दगड लागून गेला, आणि त्याच्या नावानं रंगकर्मींना सन्मान देतात. तिनं एवढंच विचारलं, “आई होती का त्याची?” दीपा लागूंबद्दल सांगितलं. त्या दिवशीच्या विड्यांच्या एका कट्ट्यात, म्हणजे जुडीत, २५ऐवजी २४ निघाल्या.

साखर पेठ
अजून वाचलेलं नाही. माझी प्रत पार्क चौकात चहा पिताना कुणीतरी ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेली, त्याला दीड वर्ष झालं. मलपृष्ठावर भज्याच्या तेलाचा डाग आहे. धाग्यात असशील तर आणून दे की बे.